करंगळी

आठला भोंगा वाजतो आणि
मी लाल पेनाचं टोपण काढतो.
जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात
सतरा वर्षं हजेरी हेच माझं काम.
आता मशीन आलंय, अंगठ्याचं,
तरी मालकांना रजिस्टर हवंच;
दोघांनी मिळून पकडावं माणसाला.

रत्नप्रभा बोरसे, लूम नंबर नऊ.
आठ एक्केचाळीस. आठ अडतीस. आठ चव्वेचाळीस.
तीन लाल म्हणजे अर्धा दिवस कापायचा.
मी कापत आलो. पट्टी धरून, सरळ.

अंगठा ठेवला की मशीनमधली बाई म्हणते,
कृपया पुन्हा प्रयत्न करा.
ती पदराला पुसते, पुन्हा ठेवते.
कृपया पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग नसतेच, सगळे आत गेलेले.
एकदा मीच काच पुसली,
तर फडक्याला तिळाच्या तेलाचा वास.

मग कळलं. पिंप्राळ्यात पहाटे उठून
ती दुर्वेशच्या पोटऱ्या चोळते,
बाजेच्या सुंभासारख्या पिळलेल्या.
नऊ वर्षांचा आहे, बावीस किलो.
सासूच्या कमरेला आता पेलवत नाही,
नवरा ट्रकवर, कधी सुरत कधी इंदूर.
त्याच्या शाळेची गाडी आठ-वीसला येते
आणि गाडीवाला पोराला उचलत नाही,
त्याच्या कामात बसत नाही ते.

प्रमाणपत्र दाखवलं तिनं: ऐंशी टक्के.
एवढे टक्के पडूनही पेढे न वाटलेला
कागद मी पहिल्यांदा पाहिला.

अर्ज मला लिहायला सांगितला.
मी लिहिलं, महोदय, कृपा करून.
"कृपा काढा भाऊ," म्हणाली.
"मी सुटी नही मांगत, पैसा नही मांगत.
संध्याकायले चाळीस मिनिटं जास्ती भरसु.
घड्याळ सरकाडा, इतलंच."
कृपा खोडली. कागद डागाळला, दुसरा घेतला.

मॅनेजरसाहेब वाईट माणूस नाहीत.
पंखा स्वतःकडून तिच्याकडे वळवला, मग म्हणाले,
आज तुम्हाला दिलं, उद्या सगळ्या येतील.
कारखाना काय एकेकीच्या घड्याळावर चालतो?

अशा वेळी मी गप्प बसतो.
पण सतरा वर्षांची रजिस्टरं माझ्याच कपाटात.
मे महिन्यात पारा शेहेचाळीसला गेला की
आपण सहाला भरतो, साहेब.
लाईट गेली की पाळी रात्रीवर ढकलतो.
मालकांच्या मुलीची हळद होती
तेव्हा भोंगा दुपारीच केला होता.
उन्हासाठी सरकतं, विजेसाठी सरकतं...
हे सगळं मी म्हणालो की मनात म्हणालो,
आता नक्की आठवत नाही.
निम्मं तरी म्हणालो असेन.

साहेब म्हणाले, बरं, तीन महिने
आठ-चाळीसला या. बघू.
ती उठली नाही.
"तोंडी नको, लिखी द्या.
तुम्ही बदलनात ते?"

कागद अजून ट्रेमध्ये आहे, स्टेपलरखाली.
दोन सह्या हव्यात, एक आलीय.
सॉफ्टवेअरला आठ-चाळीस कळत नाही, ते लाल करतं.
मी रजिस्टरात निळं लिहितो.

आणि एक केलं, कुणाला न विचारता:
मशीनमध्ये तिची करंगळी नोंदवली.
चोळताना तेवढं एकच बोट बाजूला राहतं, कोरडं.

आता ती येते, करंगळी पुढे धरते,
वर्गात बाईंना दाखवायचो तशी,
बाहेर जाऊ का म्हणून.
पण ती आत येतेय,
आणि विचारत नाहीये.

मशीनमधली बाई धन्यवाद म्हणते.
नऊ नंबरचा लूम सुरू होतो,
आधी थोडा खडखडतो;
त्याचं ऑइलिंग पुन्हा राहिलंय.